विडी चुलीत घालण्याचे डोहाळे

चांदा,
ता. १२ फेब्रुवारी १९५८

आशाबाई विहीणबाई यांना इंदुताईचा नमस्कार.

इकडे आम्ही सुखरूप आहोत. तुम्हीही असाल असे धरून पुढचे लिहिते, कारण मनात राग ठेवून लांबलचक कुशल विचारायची मला सवय नाही.

कमळाचे पत्र आले. चार ओळी खुशालीच्या, आणि पाचवी अशी की ती वाचून मी तव्यावरची पोळी तशीच सोडून उठले. तुम्ही म्हणे देवापुढे मोहाची दारू ठेवलीत आणि त्यात बोट बुडवून माझ्या मुलीच्या जिभेला लावलेत. गर्भार मुलीच्या. तिला आता पाचवा लागला आहे. मागच्या खेपेला याच महिन्यात काय झाले ते मी लिहीत नाही. तुम्हालाही आठवत असेल.

मी इथल्या महिला मंडळाची अध्यक्ष आहे. ‘दारू आणि तंबाखू : संसाराचे दोन वैरी’ या विषयावर माझे भाषण झाले तेव्हा समोरच्या दोन बायका रडल्या. उद्या कुणी विचारले, की बाई, तुमच्या मुलीच्या सासरी काय चालते, तर मी कोणत्या तोंडाने बोलू? तुमच्या विडीबद्दल तर काय सांगावे. लग्नात मंगलाष्टके चालू होती आणि नवऱ्या मुलाची आई मांडवाच्या खांबाआड उभी राहून धूर सोडत होती. तेव्हा मी गप्प बसले, कारण मुलीची आई गप्पच बसते. आता बसणार नाही.

तेव्हा कमळाला ताबडतोब चांद्याला पाठवावे. लक्ष्मणरावांना (तुम्ही लच्छू म्हणता) जंगलनाक्यावरून रजा मिळत नसेल तर आमचे हे स्वतः येतील. तोपर्यंत मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर द्राक्षासवाची मोठी बाटली पाठवली आहे, ती तिला जेवणानंतर दोन-दोन चमचे द्यावी. शुद्ध आयुर्वेदिक टॉनिक आहे. कमळाच्या वेळी मीही घेतले होते.

तुमची,
इंदुताई

*

देवटोला, मुलचेऱ्याच्या पलीकडे,
ता. २४ फेब्रुवारी १९५८

(हे पत्र आशाबाई सांगत आहेत आणि मी, सोमाजी, इथल्या शाळेचा मास्तर, लिहीत आहे. ‘जसं बोलतो तसंच लिहा गुरुजी, आपलं शहाणपण लावू नोका’ अशी ताकीद असल्याने भाषेचा दोष माझ्याकडे नाही.)

इहीनबाई, रामराम.

तुमची चिठ्ठी गुरुजीनं वाचून दाखोली. मी दोनदा वाचाले लावली, काऊन की पयल्यांदा मले वाटलं गुरुजीच मले बोलून राह्यला.

देवाची गोष्ट अशी आहे. आमच्या घरी सून पोटुशी असली की गेलेल्या जुन्या मान्सायले मोहाची धार द्या लागते, अन् त्यातलं बोटभर सुनेच्या जिभेले लावा लागते. माह्या सासूनं मले लावलं, तिच्या सासूनं तिले. मागच्या खेपेचं तुमी लिहलं नाई म्हणता, पन लिहल्यासारखंच झालं. तं आयका. मागच्या खेपेले म्या बोट लावलंच नोतं. कमळानं ‘नको’ म्हटलं अन् म्या तिचं आयकलं. मंग जे झालं ते झालं. म्हून या खेपेले म्या कोनाचंच आयकलं नाई.

आता तुमच्या बाटलीची गोष्ट. माहा दीर मुखरू, तुमी त्याले लग्नात पाह्यलं आहे, वरातीत बैलगाडीच्या खाली झोपला होता तो. त्यानं झाकण उघडून वास घेतला अन् बाटलीले हात जोडले. म्हणे, वहिनी, हे कोनत्या झाडाचं होय? म्या म्हटलं, अंगुराचं. एक चमचा चाखून पाहतो म्हणाला, अन् मंग चमचा बाजूले ठेवला. संध्याकाळी गोठ्यात गेली तं बैलाच्या गळ्यात हात टाकून भजन म्हणून राह्यला होता, अन् बैल मान हालवत होता. तुमी शिकलेल्या आहा, तुमीच सांगा. तुमचं टॉनिक अन् आमची दारू, यात मोठी बहीण कोनती अन् धाकटी कोनती?

विडी ओढतो, नाई म्हणत नाई. लच्छूचा बाप गेला तवापासून संध्याकाळी माह्याशी बोलाले तेवढी एकच आहे. पन लग्नाच्या दिवशी तुमी आमच्या विहिरीपाशी बसून दाताले काळं काळं काय घासत होत्या? आमच्या बायका पाण्याले ताटकळल्या. शेजारची मंगली म्हणे, ते तंबाखूच होय, तव्यावर जाळलेलं. म्या तिले झापलं. म्हटलं, मंडळाची अध्यक्षीण तंबाखू कशाले लावन.

कमळा बरी आहे. सातव्याची ओटी भरल्याशिवाय मी तिले धाडत नाई.

आशाबाई (अंगठा)

*

चांदा,
ता. ६ मार्च १९५८

आशाबाईंना नमस्कार.

मिश्री हे दंतमंजन आहे. हिरड्या घट्ट राहतात, पोट साफ होते. माझी आई लावत होती, माझ्या मावशा लावत होत्या, आणि त्यांच्यातली एकही व्यसनी नव्हती. त्या मंगलीला हे सांगावे.

मुखरूभाऊंनी संपवलेल्या बाटलीबद्दल मी काही बोलत नाही. औषध प्रमाणाबाहेर घेतले तर अमृताचेही विष होते. दुसरी बाटली पाठवत आहे, ती कुलपात ठेवावी.

तुम्ही विचारण्याआधीच मी आमच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. भिंतीवर तीन पदव्या आहेत, चांद्यात मोठे नाव आहे. ते सिगारेट ओढत बसले होते. मी म्हटले, मुलीच्या सासरी विड्यांचा धूर असतो आणि मोहाची दारू असते. ते हसले. म्हणाले, ‘बाई, धुराने कुणाचे पोट पडलेले मी ऐकलेले नाही. उलट्या फार होतात त्या बायकांना मीच सांगतो, एखादी सिगारेट ओढून पाहा. मोहाची नको, पण बाळंतपणात चमचाभर ब्रँडी चांगलीच.’ शिकलेला माणूस बोलला म्हणजे चूक कसे म्हणावे? पण घरी येईपर्यंत मला ते पटेनासे झाले. त्यांच्या सिगारेटचा वास माझ्या पदराला लागला होता, आणि कमळा जवळ असती तर मी तिला दुसऱ्या खोलीत जा म्हटले असते, एवढे मला समजले. का, ते सांगता येत नाही.

एक विचारते. कमळा हल्ली मला ‘बरी आहे’ याखेरीज काही लिहीत नाही. ती लहानपणापासून अशीच आहे. भीती वाटली की तिचे बोलणे आटते. शाळेत असताना चप्पल तुटली तर महिनाभर अनवाणी गेली, पण बापाला सांगितले नाही. ती तुमच्याशी काही बोलते का?

इंदुताई

*

देवटोला,
ता. २० मार्च १९५८

इहीनबाई, रामराम.

तुमी विचारलं, बोलते का. बोलली. असं बोलली की माहं घर फिरलं.

कमळाचं जेवण तुटलं होतं. भात नको, आंबाडी नको. पोटुशीचे डोहाळे पुरवले नाई तं लेकराचा कान फुटते, वाहाले लागते, हे तं शहरातबी ठाऊक असन. म्या तिले समोर बसवलं. म्हटलं, सांग बाई, काय पायजे? बोरं आनू? चिंच आनू? चुलीची भाजलेली माती पायजे तं तीबी देतो, म्या खाल्ली आहे.

साऱ्याले तिनं मान हालवून नाई म्हटलं. मंग खाली पाहून म्हणाली, ‘आई, मले डोहाळा लागला, पन खायाचा नाई. तुमचा विडीचा कट्टा चुलीत जळताना पाहावा वाटते.’

म्या म्हटलं, हा कोनता डोहाळा, बाई?

म्हणे, ‘मुखरूकाकाचा मोहाचा मटका उकिरड्यावर पालथा पाहावा वाटते. चांद्याच्या आईची मिश्रीची डबी पाण्यात पडावी वाटते. ते टॉनिकबी नको. अन् बाळ होईपर्यंत या अंगणात कोनीच...’ इथी ती उठून चुलीकडं गेली, म्हून म्या पुढं विचारलं नाई.

कान फुटला तं जल्मभर लोक म्हणतीन, आजीनं विडी नाई सोडली म्हून. म्या कट्टा चुलीत टाकला. नवा होता, दोरासुद्धा सोडला नोता. पुरा कट्टा एका वेळी पेटला तं घरात असा धूर झाला, की मी तिथीच पदर पसरून बसून राह्यली. तेवढं चालते असं गुरुजी म्हणाले.

(मी असे काहीही म्हटलेले नाही. — सोमाजी. उलट ‘या अंगणात कोनीच’ यात मीही आल्यामुळे माझी विडी कुंपणाच्या खांबावर ठेवून आत यावे लागते, आणि परत जाईपर्यंत ती कुणीतरी ओढलेली असते.)

मुखरूनं रडत रडत मटका पालथा केला. तिथी कोंबड्या गेल्या. दुपारी एकबी कोंबडी सरळ चालत नोती, अन् कोंबडा झाडाखाली बसून भरदुपारी आरवत होता. तुमची दुसरी बाटली तशीच वापस धाडून राह्यली आहे. मुखरू ती बाटली मोटारीपर्यंत पोचवाले तयार होता, पन लच्छू म्हणाला, मीच नेतो.

आता तुमची पाळी. डबी पाण्यात टाकली की कळवा. कमळा रोज विचारते.

आशाबाई (अंगठा)

*

चांदा,
ता. २ एप्रिल १९५८

आशाबाईंना नमस्कार.

कमळाने मलाही तेच लिहिले आहे. दोनच ओळी. सबंध जन्मात तिने माझ्याकडे केलेली ही पहिली मागणी.

डोहाळे आणि कान फुटणे या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. विज्ञानाच्या युगात आपण बायकांनी असल्या समजुती सोडायला हव्यात, असे मी मंडळात नेहमी सांगते. तरी परवा पहाटे रामाळा तलावावर जाऊन मी डबी पाण्यात टाकली. डोहाळा म्हणून नाही, तत्त्व म्हणून टाकली. तसे कमळाला नीट समजावून सांगावे.

किंवा नको. डोहाळा म्हणूनच टाकली असे सांगा. ती जेवू दे.

डबी पितळेची होती, आईच्या हातची. बुडताना जराशी तरंगली.

इंदुताई

*

चांदा,
ता. ९ एप्रिल १९५८

आशाबाईंना गुणवंतरावांचा नमस्कार. हे कार्ड मी आमच्या हिच्या नकळत टाकत आहे. सूनबाईंना सांगून डोहाळा थोडा सौम्य करता आला तर पाहावे. ही पहाटेपासून हिरड्या चोळत घरभर फिरते. काल मंडळाच्या सभेत ‘संयम’ या विषयावर बोलताना हिने टेबलावर तांब्या आपटला, तो चेपला. माझा पानाचा डबाही डोहाळ्यात मोडतो असा नवा शोध लावून तो कपाटात बंद केला आहे. डोहाळे मला नाहीत, मूल मला होणार नाही, आणि कान म्हणाल तर हिच्या बोलण्याने माझाच फुटायचा बाकी आहे. तरी कमळा जेवते का, ते कळवावे. जेवत असेल तर वरचे सगळे खोडलेले समजावे.

*

देवटोला,
ता. १७ एप्रिल १९५८

इहीनबाई, रामराम. गुणवंतराव याहीलेबी रामराम सांगा. कमळा जेवते, दोन टाईम पोटभर.

ओटी भरली. हिरवं लुगडं नेसवलं. आता तिले धाडतो, म्या शब्द देल्ला होता. पन त्याच्या आधी गावात काय झालं ते आयका.

कमळाचा डोहाळा मंगलीले लागला. तिलेबी दिवस आहेत. तिनं नवऱ्याले, सुकलूले, सांगतलं, की मले तुमचा ग्लास फुटताना पाहावा वाटते. सुकलू म्हणे, चिंच खा. ती म्हणे, लेकराचा कान तुमच्या मानगुटी. सुकलूनं ग्लास फोडला. मंग खालच्या आळीतल्या दोघी-तिघीले तोच डोहाळा लागला. ह्या दिवसात मोह पडून राह्यला आहे, टोपल्या भरभरून येते, अन् एकाही घरी भट्टी लागेना. परवा नीलाबाई म्हातारीनं नवऱ्याले सांगतलं, मलेबी डोहाळे लागले. तिचा नातू शाळेत जाते, इहीनबाई. म्हातारा म्हणे, तुले कुठून? ती म्हणे, जवान होती तवाचे राहून गेले होते.

मंग गावचे मानूस पारावर जमले अन् माह्याकडं आले. मुखरूच पुढं होता. म्हणे, वहिनी, तुमच्या सुनेले सांगा डोहाळा वापस घ्याले, आमी तिले शहरातून मिठाई आणून देतो. म्या म्हटलं, डोहाळा का पाटलाचा हुकूम आहे, वापस घ्याले? अन् कान फुटला तं तुमच्यातला कोन आपला कान कापून देईन? सारे आपापले कान चोळत गेले.

आता एक गोष्ट सांगतो, ते तुमच्या मंडळात सांगू नोका. गेल्या हप्त्यात मी मोह वेचाले गेली होती. झाडाखाली सुकलूची विडी पडून दिसली, अर्धी. आजूबाजूले कोनी नोतं. म्या ती पेटवली. दोन झुरके, जास्त नाई. घरी येतो तं आमच्या कपिलेच्या वासराचा कान वाहून राह्यला होता. लच्छू म्हणे, गोचीड झाले. मले म्हाईत आहे गोचीड झाले, पन त्याच दिवशी काऊन झाले? म्या वासराच्या पाया पडली. हळद अन् तेल लावून कान बरा केला, तवा कुठी झोप आली.

लच्छू पुढच्या हप्त्यात तिले घेऊन येते. तिले भाताची पेज आवडते, वरून मीठ. झोपताना डाव्या अंगावर झोपते. रागावू नोका तिच्यावर, ती उलटून बोलत नाई म्हून आपल्याले समजत नाई.

आशाबाई (अंगठा)

*

चांदा,
ता. २९ एप्रिल १९५८

आशाबाईंना नमस्कार.

कमळा पोचली. तोंडावर तेज आले आहे, ते मी मान्य करते. तुम्ही दिलेल्या मोहफुलांच्या लाडवांच्या पुरचुंडीला तिने कुणाला हात लावू दिला नाही.

वासराचा प्रकार वाचून मी आणि हे पुष्कळ हसलो. गोचिडांचा आणि विडीचा संबंध जोडणे म्हणजे अंधश्रद्धेचा कळस झाला. पुढच्या भाषणात हा दाखला घ्यावा असे मनात आहे, तुमचे नाव न घेता.

इंदुताई

ता. क. कोणता कान? डावा की उजवा? सहज विचारते. परवा न्हाणीत जुन्या पुडीतली चिमूटभर मिश्री सापडली होती.

*

देवटोला,
ता. ९ जुलै १९५८

इहीनबाई, रामराम.

हे पत्र कवा पोचन ठाऊक नाई. वैनगंगेले पूर आहे. आष्टीच्या घाटावर डोंगा बंद आहे म्हणते, अन् डाकवाला थैली उशाले घेऊन तिथीच बसला आहे. लच्छू नाका सोडून निघाला, तो नाल्यावरूनच वापस आला.

दिवस भरले असतीन. इथी धानाचा रोवणा चालू आहे, मी चिखलात उभी राहतो अन् हातातली पेंडी हातातच राहते. बायका म्हणते, आशाबाई, झोपली का? तुमच्यापाशी डॉक्टर आहे, दवाखाना आहे, मी समजतो. पन मागच्या खेपेले मी तिथंच होती अन् काही करता आलं नाई, या खेपेले तं मी इथी आहे.

काल बांधावर सुकलू विडी ओढत होता. त्याचा डोहाळा सरला, मंगलीले पोरगा झाला, कान चांगले आहे. त्यानं माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् न विचारता एक विडी पुढं केली. म्हणे, बाई, घ्या, जीव हलका होईन. म्या हातात घेतली. लय वेळ बोटात धरून होती. मंग बांधाच्या चिखलात रोवून देल्ली, धानाच्या रोपासारखी.

काही झालं असन, चांगलं का वाईट, तं लपवू नोका. मले लवकर सांगा.

आशाबाई (अंगठा)

(आशाबाईंनी हे सांगताना मध्ये दोनदा उठून जाऊन तोंड धुतले. मी ते लिहू नये असे त्यांचे म्हणणे होते. — सोमाजी)

*

चांदा,
ता. २० जुलै १९५८

आशाबाई,

तुमचे पत्र आज पोचले. आमचे कार्ड नऊ दिवसांपूर्वीच टाकले होते, ते नदीच्या अलीकडे पडून असेल. आधी महत्त्वाचे. मुलगी झाली. अकरा तारखेला, दुपारी. दोघी सुखरूप आहेत.

आता बसून नीट लिहिते. फार वेळ लागला. मी दवाखान्याच्या ओसरीत बसले होते. डॉक्टर मधूनच बाहेर आले आणि त्यांनी सिगारेट पेटवली. मी उठले. मी म्हटले, ‘डॉक्टर, ही विझवा. माझ्या मुलीचा डोहाळा आहे.’ भिंतीवरच्या तीन पदव्यांसकट ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सिगारेट विझवली आणि आत गेले.

बाळ बाहेर आले आणि रडले नाही. आशाबाई, तेवढ्या वेळात मी कोणकोणत्या देवाला काय काय कबूल केले ते मला आता आठवत नाही. दाराच्या फटीतून दिसले, नर्सने पाय धरून पाठीवर थापटले, आणि ती रडली. हातात आणून दिली तर मी आधी कान पाहिले. मग नाक, मग बोटे. कान दोन्ही कोरडे, आणि तुमच्यासारखे मोठे.

आता रागाची गोष्ट. परवा मी कमळाला म्हटले, बाई, डोहाळे सगळे पुरवले हो तुझे, माझ्या हिरड्या गेल्या पण पुरवले. तर ती माझा हात धरून म्हणाली, ‘आई, डोहाळे नव्हतेच.’ मी म्हटले, म्हणजे? म्हणाली, ‘मागच्या वेळी ते गेलं तेव्हा घरात विडीचा वास होता. तो वास आला की मला तो दिवस दिसायचा. धुरानं काही होतं की नाही, मला ठाऊक नाही. डॉक्टर म्हणतो, होत नाही. पण या बाळाजवळ मला काहीच येऊ द्यायचं नव्हतं, आणि तुम्हा दोघींना सोडा म्हणायची माझी छाती नव्हती.’

मी अंधश्रद्धेविरुद्ध भाषणे देणारी बाई. मला माझ्या पोटच्या मुलीने अंधश्रद्धेच्या जोरावर मिश्री सोडायला लावली. आईची पितळी डबी तळ्यात गेली. मला हसावे की रडावे ते समजेना, म्हणून मी दोन्ही केले. तुम्हालाही तिने फसवले आहे. सासू या नात्याने तुम्हीच तिला काय ते बोला.

बारसे तुम्ही आल्याशिवाय करणार नाही. नदी उतरेल तेव्हा करू.

इंदुताई

*

देवटोला,
ता. २ ऑगस्ट १९५८

इहीनबाई, रामराम.

गुरुजीनं ‘मुलगी झाली’ वाचलं अन् पुढचं वाचाले म्या त्याले थांबवलं. आधी देवाजवळ जाऊन आली. या खेपेले देवाले पाण्याचीच धार देल्ली, त्यानं काही म्हटलं नाई.

कमळाले मी काही बोलत नाई. मले पयल्या दिवशीच समजलं होतं. मीबी लेकरं काढली, गावातली बाळंतपनं पाह्यली. डोहाळा चिंचेचा असते, मातीचा असते, एकीले तं कंदिलातल्या घासलेटचा वास लागत होता. पन डोहाळा जिभेले लागते. मुखरूचा मटका, गुरुजीची विडी अन् चांद्याची मिश्री एका दमात मागणारा डोहाळा म्या पाह्यला नाई. तो डोहाळा नोता इहीनबाई, तो भेव होता.

(मला हे आज कळत आहे. मी इतके महिने खांबावर विड्या ठेवल्या. — सोमाजी)

मंग कट्टा चुलीत काऊन टाकला म्हणसान. मागच्या खेपेले ते गेलं, तवा कमळा माह्यासमोर रडली नाई. उठून भाकरी थापाले बसली. ती रडत नाई तं मी कशी रडू? म्हून मी अंगणात गेली अन् विडी पेटवली. ते तिनं दारातून पाह्यलं. मी रडून राह्यली होती, पन तिले धूरच दिसला. ते माह्या मनात बसून होतं. मंग ती कट्टा जाळा म्हणाली, तवा म्या काहीच विचारलं नाई.

अन् सुनेनं सासूले ‘विडी इझवा’ म्हणाची रीतच कुठी आहे? डोहाळा म्हटला की सासूलेबी उठा लागते. तिनं रीतीतूनच वाट काढली, तं मी खोटं कशाले म्हणू? वासराच्या कानाले काऊन भेली म्हणसान, तं डोहाळा खोटा असला तरी कान खरा असते.

नदी उतरून राह्यली आहे. पोळ्याच्या आधी मी अन् लच्छू येतो. मुखरूलेबी यायचं आहे. तो विचारते, ती वापस धाडलेली बाटली अजून आहे का. नाई म्हणून सांगा.

एक राह्यलं. नातीची खबर आली तवा गावच्या मानसायनं नवा कट्टा आणून माह्या हातात देल्ला. म्हणे, बाई, सुटल्या तुमी, डोहाळा बाळंतपनाबरोबर सरते. ते मलेबी ठाऊक आहे. पन लेकरू अजून बोलत नाई. तिले काय पायजे अन् काय नको, हे तिनं सांगतल्याशिवाय मी कशी पेटवू? म्या कट्टा आड्याले खोचून ठेवला. ती बोलाले लागली की विचारीन.

तवापर्यंत संध्याकाळी मनातल्या मनात बोलाले मले नातच पुरते.

आशाबाई (अंगठा)